शेवंतामामीचा थांबणारा पाळणा

शेवंतामामीच्या आकाशपाळण्याच्या फाटकात एक वाक्य बोलायला बंदी होती. "भेऊ नको, काही होत नाही." हे कोणाच्याही तोंडून निघालं, मग ती आजी असो, मास्तर असो की गावचा सरपंच, की मामी आपला लांबसडक हात फाटकात आडवा टाकायची.

"काहून खोटं बोलून राह्यले लेकराशी? होते ना. पोटात गोळा येते. कान थंडे पडते. वरून खाली पाह्यलं का पाय सुटल्यावानी वाटते. हे सांगा त्याले. मंग बसवा."

आणि हे ती ओरडून सांगत नसे. जत्रेत सगळे भोंगे लावून बसतात. भेळवाला, बांगड्यावाली, तो मोठा नावेचा झोका चालवणारा, सगळे. मामीकडे भोंगा नव्हता. ती इतकं हळू बोलायची की समोरच्याला वाकून कान द्यावा लागे. वाकलेला माणूस भांडत नाही, हे तिला कुठून कळलं होतं कोण जाणे. उंच, काटकुळी बाई. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खिशात कायम एक पाना. दर सकाळी पहिला फेरा रिकाम्या डब्यांचा, दुसऱ्या फेऱ्यात ती एकटी. दोन्ही फेरे झाल्याशिवाय फाटक उघडत नसे.

तिची दुसरी सक्ती चपलांची. पाळण्यात बसायच्या आधी लेकरांनी चपला खाली काढायच्या. "वरून पडते, खालच्याच्या टाळक्यात बसते," असं ती लोकांना सांगायची. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं तिनं मला पुढे सांगितलं. पाळणा फिरायला लागला की ती लेकरांच्या तोंडाकडे पाहतच नसे. ती पाहायची पायांकडे. "तोंड शिकोलेलं राह्यते, बाई. मायबाप पाहून राह्यले म्हनून हासते. पायाचा अंगठा कोनाचं ऐकत नाई." डबा तिच्या डोक्याच्या उंचीवरून जाताना अंगठे आत वळलेले दिसले की ती देवरावमामाकडे वळायची आणि पाळणा थांबायचा.

देवरावमामा तिचा नवरा. डिझेल इंजिन आणि ब्रेकचा दांडा त्याच्याकडे. इंजिनाशेजारी तीसेक वर्षं बसून त्याचे कान गेले होते. त्यामुळे नवराबायकोचा सगळा संसार खुणांवर चालायचा. चहा झाला, पाऊस येतो, पोलीस आला, जेवायला ये, सगळ्याला खूण. लेकरांनाही तिनं खूणच दिली होती. "थांबावं वाटलं का हात वर कर. मामाले दिसते. मी नसली तरी दिसते." आणि हात दिसला की पाळणा खरोखर थांबायचा. मग तो डबा हळूहळू खाली यायचा आणि लेकरू उतरायचं. बाकीचे डबे हवेत लटकून शिव्या देत बसायचे.

या खुणेनं तिची एकदा चांगलीच फजिती केली. पोहरादेवीला यात्रेत पाळणा लावला होता. दूरदूरच्या तांड्यांवरून आलेल्या बाया पहिल्यांदाच पाळण्यात बसलेल्या. डबा वर गेला, मंदिराचा कळस दिसला, आणि सगळ्या बायांनी दोन्ही हात उंच करून जयजयकार केला. मामानं ब्रेक ओढला. पाळणा थांबला. मामीनं वर पाहून विचारलं, उतरायचं का? बाया म्हणाल्या, नाही तर. पाळणा सुरू झाला. पुढचा डबा वर गेला, कळस दिसला, हात वर. पुन्हा ब्रेक. रांगेतल्या माणसांना वाटलं इंजिन बिघडलं. एक म्हातारा म्हणाला, देवीच पाळणा धरून ठेवते, आणि त्यानं खालूनच हात जोडले.

मामीनं त्याच दिवशी खूण बदलली. हात वर करायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पण वर वारा असतो. डोक्यावरचा पदर उडाला की बाई हात कुठे नेणार? पाळणा पुन्हा थांबायला लागला. शेवटी ठरलं, दोन्ही हात डोक्यावर. "देवापुढं कोनी तसं करत नाई आन् पदरही दोन्ही हातानं कोनी धरत नाई," मामी सांगायची. "तरी एक बाई निघालीच. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं."

गाठोडं घेऊन पाळण्यात का बसली, असं मी विचारलं.

"कोनापाशी ठेवीन? जत्रा हाय ते."

आसेगावचा किस्सा मला देवरावमामानं सांगितला, अर्धा बोलून, अर्धा हातवारे करून. एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या पोराला दंडाला धरून घेऊन आला. पोरगं मागे ओढत होतं. बाप म्हणत होता, मर्दाचा बच्चा हायेस ना, भेवाचं काय काम. मामीनं फाटक उघडलं आणि म्हणाली, "आधी तुमी बसा, भाऊ. एकले. पोराले खालून पाहू द्या." बापाला नाही म्हणता येईना, भोवती गावची माणसं उभी. तो बसला. तिसऱ्या फेऱ्याला त्याचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

पाळणा थांबला. डबा खाली आला. बाप उतरला, तोंड पांढरं. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मामी त्याच्याजवळ गेली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "माझ्या दारात जो उतरते, त्याले हासाचं नाई. हासाचं असन तर रांग सोड." मग तिनं बापाला पाण्याचा तांब्या दिला. पोरानं बापाचा हात धरून विचारलं, "बाबा, तुमाले कुठं वाटलं? पोटात का छातीत?" बापलेक बराच वेळ तिथेच कट्ट्यावर बसून होते. त्या दिवशी पोरगं पाळण्यात बसलं नाही. "पन दोघं हात धरून गेले," मामा म्हणाला आणि एका हातानं दुसरा हात पकडून दाखवला.

हे सगळं मला कळलं ते नंतर. मामीशी माझी पहिली भेट झाली ती तिचा पाळणा बंद पाडायला गेले तेव्हा.

मी पत्रकांवर वाढले. बाप मोर्चाहून घरी यायचा तेव्हा खिशात खाऊऐवजी पत्रकं असायची. मी अक्षरं शिकले तीच त्यांच्यावर. त्यामुळे अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो. रिठदजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी जत्रेला पहिल्यांदाच मामीचा पाळणा आला, आणि मी रिसोडहून शंभर झेरॉक्स काढून आणल्या. मथळा होता, "लेकरांचा छळ थांबवा." मजकुरात पाळणेवाल्यांची बेपर्वाई होती. रडणाऱ्या मुलांना हवेत फिरवत ठेवणारी नफेखोरी होती. दहा वर्षांखालच्या एकाही मुलाला पाळण्यात बसवू देऊ नये, ग्रामपंचायतीनं परवानगी नाकारावी, अशी मागणी होती.

यामागे एक खरी मुलगी होती, तिची हकीकतही मी नाव न घालता पत्रकात लिहिली होती. राणू, माझ्या ताईची लेक, सहा वर्षांची. ताई आणि भाऊजी पुण्याकडे बांधकामावर असतात. सुरुवातीला राहायचं ठिकाण नव्हतं म्हणून राणूला त्यांनी आमच्याकडे, आजीपाशी ठेवलं. मागच्या वर्षीच्या जत्रेत ती दुसऱ्याच कोणाच्या तरी पाळण्यात बसली, वर जाऊन किंचाळली, आणि पाळणेवाल्यानं ठरलेले सगळे फेरे पूर्ण केले. त्यानंतर राणूनं जमीन सोडली नाही. शाळेतला झोका नाही, बैलगाडी नाही, घराच्या गच्चीची शिडी नाही. यात सगळ्यात वाईट म्हणजे एसटी. तिकडे ताईला खोली मिळाली, शाळा मिळाली. ती दोनदा राणूला न्यायला आली. दोन्ही वेळा राणू एसटीच्या पायरीपाशी लाकडासारखी ताठ झाली, ओकली, दांड्याला मिठी मारून बसली. दोन्ही वेळा ताई एकटी परत गेली. जत्रा संपली की ती तिसऱ्यांदा येणार होती. फोनवर म्हणाली होती, "याही बारीनं नाई आली तर मंग राहू दे तिले तिथंच. मले तिचे हाल पाहवत नाईत." पलीकडे ती रडत होती का ते मला कळलं नाही. आईकडे जाण्याऐवजी एक लेकरू एका पायरीमुळे आजीकडे राहणार होतं.

मी पत्रक मामीच्या हातात दिलं. तिनं शर्टाच्या खिशातून चष्मा काढला. एका काडीच्या जागी सुतळी होती. ती ओठ हलवत पूर्ण वाचत गेली. इतकं सावकाश की माझा ताव ओसरत चालला. पत्रक वाचणारा माणूस साधारण मथळा पाहतो आणि खिशात कोंबतो. हिनं मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. "एक ओळ कमी हाय."

"कोनती?"

"त्या पोरीले पाळन्यात बसवलं कोनं?"

मामीनं घाई केली नाही. वर डबे फिरत होते, इंजिन धडधडत होतं, ती चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होती.

मीच बसवलं होतं. राणू माझ्या ओढणीला धरून नको म्हणत होती आणि मी म्हणाले होते, भेऊ नको, काही होत नाही. मुली भित्र्या नसतात, असंही म्हणाले होते. ते मी एका पत्रकात लिहिलेलंच वाक्य होतं. हे मी ताईला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, आणि शंभर झेरॉक्समध्येही नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

"लिव मंग."

तिनं मला पेन दिला. मी उभ्या उभ्या, तिच्या पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून, खालच्या मोकळ्या जागेत ती ओळ लिहिली. पाळणेवाल्यावरची एकही ओळ तिनं खोडायला लावली नाही. "त्यानं थांबवाले पायजे होतं. ते तसंच राहू दे." फक्त बंदीच्या मागणीवर बोट ठेवून म्हणाली, "इथं 'त्याले विचारल्याबिगर' हे शब्द घाल." मी घातले. मग तिनं बोटाला ग्रीस घेतलं, कागदाच्या चार कोपऱ्यांना लावलं आणि माझंच पत्रक आपल्या फाटकाच्या खांबाला चिकटवलं. जत्रा उठेपर्यंत ते तिथे होतं. उरलेले नव्व्याण्णव कागद मी घरी नेऊन तेवढेच शब्द हातानं घालत बसले.

दुसऱ्या दिवशी मी राणूला घेऊन गेले. आधी तिला सांगितलं, पाळण्यात बसायचं नाही, फक्त एका बाईला भेटायचं आहे. मैदानाच्या कडेला येताच ती माझ्या मागे गेली. मामी तिच्याकडे आली नाही, तिला बोलावलंही नाही. थोड्या वेळानं फाटक लावून ती आमच्यापासून चार हातांवर जमिनीवर येऊन बसली. आम्हीही बसलो.

"तुले मागल्या वर्षी थांबवलं नाई म्हने," मामी म्हणाली.

राणूनं मान हलवली.

"ते चुकलं त्यायचं."

राणूनं तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं होतं, रागावलो होतो, अंगारा लावला होता. हे वाक्य तिला कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. मग मी तिथे बसल्या बसल्या म्हणाले, "मीही चुकली, राणू. तू नाई म्हनली होती." राणूनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण माझी ओढणी धरली.

"तो मामा पाह्य," मामी म्हणाली. "त्याले ऐकू येत नाई. पन तू दोन्ही हात डोक्यावर ठेवले ना, तर तो पाळना थांबवते."

"मी तं खाली हाय."

"खालूनही थांबवते. ठेवून पाह्य."

पाळण्यात त्या वेळी वीसेक माणसं होती. राणूनं आधी एक हात ठेवला. काही झालं नाही. मग दुसरा. देवरावमामानं इंजिनाशेजारून तिच्याकडे पाहिलं, मान डोलवली आणि ब्रेकचा दांडा ओढला. सगळा पाळणा करकरत थांबला. वरच्या डब्यातून एक पोरगा ओरडला, "काय झालं बे? लाइट गेली का?"

"डिझेलवर हाय ते, लाइट कायची," खालून कोणीतरी म्हणालं.

राणूनं हात खाली घेतले. पाळणा सुरू झाला. तिनं पुन्हा ठेवले. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा रांगेत कालवा झाला. एक बाई फाटकापाशी येऊन म्हणाली, "मामी, हे काय लावलं? आमी काय इथंच राहू का?"

मामी न उठता म्हणाली, "थांबते का नाई ते तपासून राह्यलो, बाई. तुमच्याच कामाचं हाय."

"आन् हे पोट्टी तपासून राह्यली का?"

"हौ. तिलेच येते ते."

राणूनं त्या संध्याकाळी पाळणा सात वेळा थांबवला. मामीनं एकदाही पुरे म्हटलं नाही. आठव्या वेळी राणूनं स्वतःच हात खाली ठेवले आणि मामीला विचारलं, "वर गेल्यावर मामाले मी दिसीन का?"

"दिसतं. पन तिथं वर थांबला का थोडा वेळ तिथंच राहा लागते. डबा हळू येते खाली. तेवढा वेळ भेव लागन."

"किती वेळ?"

मामीनं अंदाज केला. "वीस म्हनेपर्यंत."

राणू दुसऱ्या दिवशी बसली. बरोबर कोण पाहिजे, असं मामीनं विचारलं, आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. अर्धा फेरा झाला, जमीन खाली सरकली, आणि तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले. पाळणा थांबला. आम्ही हवेत लटकलो. ती एक, दोन, तीन म्हणत राहिली. चौदावर डबा खाली टेकला. मामीनं फाटक उघडून तिला उतरवलं, चपला पुढे सरकवल्या आणि पुढच्या लेकराकडे वळली. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. मला त्या वेळी ते थोडं लागलंच. आज वाटतं, उतरणं हे काही मोठं काम आहे असं तिला राणूच्या मनात भरवायचंच नव्हतं.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी राणू पूर्ण तीन फेरे बसली. हात मांडीवर, अंगठे आत वळलेले, डोळे उघडे. उतरल्यावर तिनं मामीला सांगितलं, "मले नाई आवडलं."

"नाई आवडलं तर नाई," मामी म्हणाली. "सगळ्यायले आवडत नाई."

मी हसले. मामीही हसली, मला वाटतं पहिल्यांदाच. तेव्हा मी तिला विचारलं, की हे वाक्य तुम्हाला एवढं का झोंबतं, ते "काही होत नाही"वालं. ती चपलांचे जोड लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "मायं लगन झालं तेव्हा मी तेरा वर्साची होती. चार बायायनं तेच म्हनलं." आणि तिनं पुढचा जोड उचलला.

दोन दिवसांनी ताई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघींना वाशीमपर्यंत सोडायला निघाले. ताईच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या होत्या, लिंबू होतं, ओकारीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. तिनं रात्रभर डोळा लावला नव्हता. एसटी आली. राणू पायरीपाशी गेली, थांबली, आणि तिचे खांदे वर चढले. ताईनं माझा दंड घट्ट पकडला. मला वाटलं, झालं पुन्हा.

राणूनं मान वर करून कंडक्टरला विचारलं, "म्हनलं तर गाडी थांबवसान का?"

माझ्या जिभेवर हो तयार होतं. थांबवतील बेटा, तू बस तर खरी. पण कंडक्टर आधी बोलला.

"मधात नाई थांबवत, बाई. फाट्या-फाट्यावर थांबते, मंग वाशीम. उलटी आली तर सांगजो, तेव्हा थांबवतो."

"पोटात गोळा येते का?"

कंडक्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं. "मले नाई येत, सवय हाय. तुले येईन बहुतेक. रस्त्यात गड्डे लय हायेत."

"वाशीम किती वेळ?"

"पाऊन घंटा. चाल, चढतं का? मागं लोक उभे हायेत."

राणूनं दांडा धरला आणि चढली. पहिली पायरी, दुसरी, आणि आत. ताई तिच्या मागे चढली, पण वरच्या पायरीवरच थांबली. कंडक्टर म्हणाला, "काय झालं, माय?" ताई नुसती हसत राहिली आणि डोळे पुसत राहिली. मी तिला मागून ढकललं.

गाव सोडताना जत्रेचं मैदान लागतं. पाळणा उतरवला होता. दोन खांब अजून उभे, डबे एकावर एक रचून ट्रकच्या कडेला. मामी पालथ्या डब्यावर बसून कपात पाव बुडवून खात होती आणि दुसऱ्या हातानं मामाला काहीतरी खुणावत होती, बहुधा दोर नीट बांध म्हणून. तिनं एसटीकडे पाहिलं नाही. तिच्यात आम्ही आहोत हे मामीला कळायचं कारणच नव्हतं. त्यानंतर तिचा पाळणा आमच्याकडे आला नाही. कोणी म्हणतं यवतमाळकडे लागतो, कोणी म्हणतं विकला. माझ्याजवळ आहे ते एवढंच, काचेतून दिसलेली, पाव चावत असलेली शेवंतामामी.

मी राणूला दाखवायला वळले. पण राणूचं लक्ष नव्हतं. ती ताईच्या मांडीवर बसून समोरच्या काचेतून रस्ता पाहत होती, आणि खड्डा दिसला की आधीच ताईचा हात धरून सांगत होती, "आता येते, आई. मोठा हाय."

"येऊ दे," ताई म्हणत होती.